जुनी डिंगी शर्यतीत उतरवण्याआधी: काटा, वॉटर पेपर आणि एक मिरजेची युक्ती

गेल्या मार्चमध्ये सातारा एमआयडीसीतल्या एका भंगारवाल्याच्या काट्यावर आम्ही शिडाची बोट ठेवली. काट्यावरच्या पोरानं बोटीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "फायबरला भाव नाय, काका." विकायची नाही, नुसतं वजन करायचंय, असं सांगितल्यावर तो हसला, पण काटा चालू केला. आकडा आला ६७.

लेझर जातीच्या डिंगीचा नुसता सांगाडा, म्हणजे डोलकाठी, शीड, सुकाणू वगळून, सुमारे ५९ किलोचा असतो. वरचे आठ किलो म्हणजे आत मुरलेलं पाणी आणि आधीच्या मालकांनी थापलेलं रेझिन. बोट पुतण्याची. वीस वर्षांची लेझर त्यानं स्वस्तात उचलून टेम्पोतून साताऱ्याला आणली होती. त्याचा प्रश्न एकच होता: "काका, ही नव्या बोटींना धरेल का?"

मी नौदलात असताना डिंग्या हाकायला शिकलो. डिंगी म्हणजे इंजिन नसलेली, एकदोन माणसांनी चालवायची शिडाची छोटी बोट. निवृत्तीनंतर कण्हेर धरणाच्या पाण्यावर पुन्हा हात साफ करतोय. माझं उत्तर असं, की वय बोटीला हरवत नाही. मुरलेलं पाणी, ढिला पडलेला डेक (बोटीचा वरचा पृष्ठभाग), पाण्याखालची वाकडी पाती आणि ताणलं गेलेलं शीड हरवतं. यातलं बरंचसं घरी दुरुस्त होतं. अडचण अशी, की लोक खर्च उलट्या क्रमानं करतात. आधी नवं शीड घेतात, मग रंगीत दोऱ्या, आणि वजन शेवटपर्यंत बघतच नाहीत. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो शक्यतो मोडू नका.

आधी वर्ग बघा

आपल्याकडे बैलगाड्यांच्या शर्यतीत आदत, दुसा, चौसा असे गट असतात. आदत खोंड जनरल गटात पळवून हरला तर दोष खोंडाचा नाही. डिंगीचंही तसंच.

काही वर्गांत सगळ्या बोटी एकाच आराखड्याच्या असतात. लेझरचा आराखडा ब्रूस कर्बी यांचा. बोट १९७१ मध्ये बाजारात आली, १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे, आणि २०१९ पासून तिचं अधिकृत नाव आयएलसीए. नाव बदललं तरी आकार तोच, शीड तेच ७.०६ चौरस मीटरचं. म्हणून वीस वर्षांची लेझर आजच्या आयएलसीए शर्यतीत कायदेशीरपणे उतरते. एंटरप्राइझ ही जॅक होल्ट यांची १९५६ ची बोट. दोन माणसं, निळी शिडं, लांबी चार मीटरच्या जरा वर. तिथंही जुन्या बोटीला वाव आहे.

दुसऱ्या टोकाला मॉथसारखे वर्ग. नियमाच्या चौकटीत राहून आकार बदलायला मोकळीक. २००५ ची जागतिक स्पर्धा रोहन व्हील यांनी बोटीला पाण्यावर उचलणारे पंख खाली लावलेल्या मॉथवर जिंकली आणि पाण्यात तरंगणाऱ्या मॉथ एका फटक्यात मागच्या रांगेत गेल्या. अशा वर्गातली जुनी बोट हौसेला घ्या, बक्षिसाला नको.

तिसरा प्रकार मिश्र शर्यतींचा. निरनिराळ्या जातींच्या बोटी एकत्र सुटतात आणि लागलेला वेळ पोर्ट्समथ यार्डस्टिकच्या आकड्यानं समान केला जातो: वेळेला १००० नं गुणायचं आणि बोटीच्या आकड्यानं भागायचं. आकडा मोठा तर बोट हळू. लेझरचा आकडा ११०० च्या आसपास, एंटरप्राइझचा ११२० च्या आसपास. लेझरला ५० मिनिटं लागली तर एंटरप्राइझ ५४ सेकंद मागून येऊनही बरोबरीत राहते. पण हा आकडा बोटीच्या जातीचा असतो, तुमच्या बोटीच्या वयाचा नाही. जुनी एंटरप्राइझ आणि कोरी एंटरप्राइझ, दोघींना सूट तेवढीच.

आणि एक खरं सांगून टाकतो. ऑलिम्पिकमध्ये लेझर वर्गाच्या बोटी आयोजकच पुरवतात, सगळ्या नव्या आणि सारख्या. टोकियो आणि पॅरिसला आपले विष्णू सरवानन आणि नेत्रा कुमानन अशाच बोटींवर उतरले. सर्वात वरच्या पातळीवर बोटीचा फरक उरतो हे आयोजकांनाही ठाऊक आहे. तुम्ही-आम्ही त्या पातळीवर नाही, आणि आपली बरीचशी हार बोटीमुळे होत नाही, एवढाच दिलासा.

काटा

बोट उन्हात दोन दिवस बूच काढून ठेवा आणि मगच वजन करा. भंगारवाला, मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी, कुणाचाही प्लॅटफॉर्म काटा चालतो. बोट आडवी ठेवली तर टोकं बाहेर लोंबतात, म्हणून खाली फळी टाकून आधी फळीचं वजन शून्य करून घ्या.

लेझर तीनचार किलो जास्त भरली तर काळजी नको. आठ किलो म्हणजे विचार करायला हवा. बोट, काठी, शीड आणि माणूस मिळून सगळा भार दीडशे किलोच्या घरात. त्यात आठ किलो म्हणजे पाच टक्के. हलक्या वाऱ्यात प्रत्येक टॅकनंतर, म्हणजे वाऱ्याविरुद्ध जाताना बाजू बदलल्यावर, बोट उशिरा वेग धरते, आणि वारा वाढला तरी पाण्यावर उचलली जायला उशीर लावते.

एंटरप्राइझसारख्या मोजणी होणाऱ्या वर्गात एक गंमत असते. नवी असताना बोट किमान वजनापेक्षा हलकी भरली असेल तर तेवढं शिसं आत बसवलेलं असतं. बसायच्या फळीखाली हात घालून बघा. बोट आता जड झाली असेल तर पुन्हा मोजणी करून ते शिसं अधिकृतपणे काढता येतं. गुपचूप काढू नका, प्रमाणपत्र बाद होईल.

पाणी कुठून आलं

लेझरचा सांगाडा बंद डब्यासारखा असतो. एका भोकात पातळ नळी बसवा, बाकीची भोकं टेपनं बंद करा आणि तोंडानं हळू फुंका. कॉम्प्रेसर अजिबात लावू नका. पंक्चरवाल्याकडून हवा भरून घ्यायचा सल्ला एकानं मला दिला होता. त्यानं डेक आणि तळाचा सांधा उकलला असता. नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून ठेवा आणि ब्रशनं साबणाचं पाणी सगळ्या सांध्यांवर, स्क्रूंवर, काठीच्या खड्ड्यावर फिरवा. बुडबुडे येतील तिथं खडूनं खूण करा. पुतण्याच्या बोटीला तीन ठिकाणी बुडबुडे आले. दोन दोरीच्या कप्प्यांच्या स्क्रूंखाली, तिसरा मागच्या सांध्यात.

आतला ओलावा काढायचा तर डेकवर गोल तपासणी झाकण बसवावं लागतं. वर्गाचे नियम त्याला परवानगी देतात. झाकण उघडं ठेवून आत छोटा पंखा सोडायचा. एप्रिलचं सातारचं ऊन या कामाला फुकटचा मजूर आहे. आम्ही पाच आठवडे पंखा चालवला, ६७ चे ६२ झाले. उरलेले तीन किलो जुन्या रेझिनचे, ते सोडून दिले.

या कामाचं कॅलेंडर मृगापासून उलटं मोजा. रेझिनचं सगळं काम मे संपायच्या आत उरका. पावसाळी दमट हवेत थर नीट बसत नाहीत. पॉलिएस्टरच्या जुन्या बोटीवर एपॉक्सी चांगलं धरतं, पण एपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) भरवशाचा नाही. फायबरच्या टाक्या आणि दरवाजे करणाऱ्या कारागिराकडे काम देणार असाल तर हे आधी बोलून घ्या. त्याच्या हाताला पॉलिएस्टरची सवय असते.

डेकवर तळहातानं जोर द्या. लेझरच्या डेकमध्ये दोन थरांच्या मधे फोम असतो. तो सुटला की डेक पापडासारखा दबतो आणि टकटक केल्यावर आवाज बद्द येतो. हाताच्या पंज्याएवढा भाग असेल तर भोकं पाडून एपॉक्सी भरता येतं. पुढचा अर्धा डेक तसा वाजत असेल तर बोट घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

काठीचा खड्डा

इथं कंजुषी नको. काठी ज्या खड्ड्यात उभी राहते तो वाळूनं आणि ॲल्युमिनियमच्या घासण्यानं झिजतो. खड्डा काठोकाठ पाण्यानं भरा, पातळीवर पेन्सिलची खूण करा आणि चहा पिऊन या. पातळी उतरली तर पाणी सांगाड्यात जातंय. हाच सांधा भर वाऱ्यात तुटला तर काठी डेक फाडून निघते. दुरुस्ती आतून करायची, तपासणी झाकणातून हात घालून, काचेचं कापड आणि एपॉक्सीनं. वरून नुसतं सीलंट फासून भागत नाही.

पाती

सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फायदा इथं मिळतो, म्हणून इथं जरा थांबू. पाती म्हणजे तळातून खाली जाणारा डॅगरबोर्ड किंवा सेंटरबोर्ड, आणि सुकाणू. वाऱ्याविरुद्ध तिरकं जाताना बोट बाजूला घसरू नये हे काम यांचं. विमानाच्या पंखासारखाच आकार, म्हणून धारेवरचा एक टवका सगळ्या पात्याचं काम बिघडवतो.

आपल्याकडे हे टवके जास्त पडतात. धरणाचं पाणी उतरलं की शेतांचे जुने बांध आणि झाडांचे बुंधे वर येतात. कण्हेरला मे महिन्यात किनाऱ्यापासून बऱ्याच आतही माझं पातं दगडाला घासलंय. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या कडांनाही हीच तऱ्हा.

आधी पातं पिळलं गेलंय का ते बघा. सुताराची रीत: पात्याच्या दोन्ही टोकांना आडव्या सरळ पट्ट्या ठेवायच्या आणि एका डोळ्यानं बघायचं, पट्ट्या एका रेषेत दिसतात का. पातं भिंतीला टेकवून उन्हात उभं ठेवलेलं असेल तर हमखास वाकलेलं असतं. वाकलेल्या पात्याचा नाद सोडा, दुसरं शोधा.

टवके बुजवायला गॅरेजवाल्याची लांबी (पुट्टी) वापरू नका, ती पाणी पिते. एपॉक्सीत फिलर पावडर कालवून भरा. वाळल्यावर सगळ्या पात्यावर काळ्या स्प्रेचा अगदी हलका फवारा मारा. मग सपाट लाकडी ठोकळ्याला २२० चा वॉटर पेपर गुंडाळून पाण्याखाली तिरका घासा. उंचवटे लगेच पांढरे होतात, खड्ड्यांत काळा रंग राहतो. काळं उरेल तिथं पुन्हा भरायचं. बोटानं पेपर दाबून घासायचा मोह होतो, तो टाळा, कारण हाताचं बोट खड्ड्यात शिरतं आणि खड्डा आणखी खोल करतं. शेवट ४०० आणि ६०० वर करा. आरशासारखी चमक डोळ्याला बरी वाटते, पाण्याला त्याचं काही नाही.

नियमांची एक वेस इथं आहे. लेझरचं पातं मूळ आकारात आणता येतं, बदलता येत नाही. लेझरचा तळही धुवा, पॉलिश करा, चरे बुजवा, पण वेग वाढावा म्हणून सगळा तळ घासून नवा करणं नियमात बसत नाही. एंटरप्राइझमध्ये मोकळीक जास्त, तरी पात्याची जाडी मोजली जाते.

सुकाणूचा खेळ तपासा. टिलर (सुकाणूचा दांडा) घट्ट धरून पातं हलवा, कटकट आवाज आला तर पिन किंवा बुश बदला. सुकाणू खाली पूर्ण बसत नसेल तर हाताला विनाकारण ओढ लागते आणि तुम्ही दोष शिडाला देता. एंटरप्राइझच्या तळाच्या फटीवरची रबरी पट्टी फाटली असेल तर ती अर्ध्या दिवसाचं काम आहे, करूनच टाका.

काठी, तारा आणि मिरजेची युक्ती

लेझरची काठी दोन तुकड्यांची. वरचा ॲल्युमिनियमचा तुकडा फरशीवर लोळवून बघा, डगमगला तर कायमचा वाकलाय. आता कंपोझिटचा वरचा तुकडा नियमात बसतो आणि जुन्या लेझरला नव्याच्या जवळ नेणारी ती एक सरळ खरेदी आहे. खालच्या तुकड्यात बूमच्या (शिडाखालच्या आडव्या काठीच्या) खिळ्यांपाशी गंज आणि बारीक चिरा शोधा.

एंटरप्राइझला काठी उभी धरणाऱ्या तारा असतात. कापसाचा बोळा तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवा. एखादा धागा तुटलेला असेल तर कापूस अडकतो. अडकला तर तार बदला, यात पुढच्या रविवारी बघू असं नसतं.

आता ताण. ताण मोजायचं यंत्र मिळतं, पण माझं आजोळ मिरजेचं, सतारमेकर गल्लीच्या जवळचं. लहानपणी दुपारभर तारा लावताना ऐकल्यात. दोन्ही बाजूंच्या तारा सारख्या जाडीच्या आणि सारख्या लांबीच्या असतील तर सारखा ताण म्हणजे सारखा स्वर. मोबाइलवर ट्यूनरचं ॲप उघडा आणि तार छेडा. अर्ध्या स्वराचा फरक म्हणजे ताणात सुमारे १२ टक्क्यांचा फरक. दोन्ही बाजू जुळल्या की काठी मध्यावर आहे का, ते टोकापासून दोन्ही कडांपर्यंत टेप लावून पक्कं करा. ज्या दिवशी बोट चांगली पळाली त्या दिवशीचा स्वर वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तोच लावायचा. मामेभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बोटीचा षड्ज लागला म्हणायचा." चेष्टा करू दे, उपयोग होतो.

दोऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. शीड ओढून ठेवणाऱ्या नियंत्रणाच्या दोऱ्या न ताणल्या जाणाऱ्या डायनीमाच्या घ्या, हातात धरायची दोरी साधी मऊ चालते, आणि फिरत नाहीत ते कप्पे बदला.

शीड

हा खर्च मोठा, म्हणून शेवटी. शिडाचं कापड वयानं नाही, तासांनी म्हातारं होतं. उन्हात फडफडत ठेवलेलं शीड सर्वात लवकर जातं. चुरगाळून बघा: नव्यासारखं करकरत नाही, जुन्या रुमालासारखं मऊ पडलंय, तर फिनिश गेलं.

नुसत्या हातावर भरवसा नको. शिडावर मध्यभागी आडवी काळी टेप लावा, किनाऱ्यावर वाऱ्यात शीड ताणा, बूमखाली उताणे झोपा आणि मोबाइलनं वर फोटो घ्या. टेपचा बाक दिसेल. सर्वात खोल जागा पुढच्या कडेपासून साधारण निम्म्यापर्यंत किंवा त्याआधी हवी. ती मागं सरकली असेल आणि कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) ओढूनही पुढं येत नसेल तर शीड सरावाला ठेवा. नवं घेतलंत तर ते शर्यतीलाच वापरा. गुंडाळून ठेवा, घडी घालू नका.

पाण्यावरची परीक्षा

बोट टाकण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी काढा. शिवसागरला कोयना अभयारण्य लागून आहे, तिथं वन विभागालाही विचारा. लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात जाऊ नका. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर पश्चिमेचा वारा लागतो, तो या परीक्षेला चांगला. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरवतो तोच वारा खाली दरीत येईपर्यंत मात्र तुटक होतो, दिशा बदलत राहतो.

त्याच जातीची एक नवी बोट आणि एक मित्र मिळवा. दोन्ही बोटी शेजारी, बोटीच्या तीनचार लांब्यांच्या अंतरावर, वाऱ्याविरुद्ध चार मिनिटं. कोण किती पुढं गेलं ते लिहा. असं सहा वेळा. मग चालक बदला आणि पुन्हा सहा वेळा. चालक बदलल्यावर निकालही बदलला तर फरक माणसात आहे. आमच्यात पहिल्या दिवशी हलक्या वाऱ्यात बारापैकी नऊ वेळा मी जिंकलो, जुन्या बोटीतूनही आणि नव्यातूनही. पुतण्या तासभर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी वारा जोरात होता आणि दोघांच्याही हातात जुनी बोट दर वेळी दोनतीन लांब्या मागं पडली. तो फरक खरा, डेकच्या ढिलेपणाचा.

त्या दोनतीन लांब्यांची किंमत किती? दोन बोटी वाऱ्याला आडव्या रेषेत शंभर मीटर अंतरावर असताना वारा दहा अंश फिरला, तर वारा ज्या बाजूला फिरला त्या बाजूच्या बोटीला सुमारे २५ मीटरचा फायदा होतो. म्हणजे सव्वाचार मीटरच्या लेझरच्या जवळजवळ सहा लांब्या. आपल्या दऱ्यांत वारा दहा अंश फिरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. म्हणून हैदराबादच्या हुसेनसागरसारख्या तलावावरच्या शर्यतीला मी जुनी बोट बिनधास्त नेईन. मुंबईच्या समुद्रात, लाटा आणि जोराचा वारा असताना, विचार करीन.

जोराच्या वाऱ्यातला फरक तुम्हाला खटकत असेल तर फक्त सांगाडा बदला. लेझरची काठी, पाती, दोऱ्या, शीड, सगळं नव्या सांगाड्यावर तसंच चढतं. एवढ्यासाठीच पाती आणि काठीवर केलेला खर्च आधी, आणि सांगाड्यावर मोठा खर्च कधीच नाही.

पावसाळ्यात बोट ठेवताना बूच काढा, झाकण सैल ठेवा, नाहीतर उन्हं पडली की आतली हवा फुगून सांधे उकलते. विटांवर टेकवू नका, तळाला खड्डे पडतात. कडांखाली रुंद पट्टे बांधून टांगा. आणि टांगण्याआधी पुन्हा एकदा काट्यावर न्या. पुतण्यानं तपासणी झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं तारीख आणि वजन लिहायला सुरुवात केलीय. पहिल्या ओळीत ६७ आहे, दुसरीत ६२. तिसरी ओळ दिवाळीनंतर.